हे तर कुणालाही सुचले असते?

एका अमेरिकी पेटंट अर्जावर परीक्षकाने घेतलेल्या हरकतीबाबत तांत्रिक मत देण्याचे काम माझ्याकडे आले. दोन जुनी पेटंटे शेजारी ठेवली, तर अर्जातली रचना या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला अर्जाच्या तारखेला सहज सुचली असती का, एवढेच ठरवायचे होते. तशी सुचली असती, तर पेटंट मिळत नाही.

रचना चिप बनवतानाच्या शॅलो ट्रेंच आयसोलेशनची, म्हणजे उथळ चराने भाग वेगळे ठेवण्याची होती. शेजारच्या ट्रान्झिस्टरांमध्ये गळती होऊ नये म्हणून सिलिकॉनमध्ये चर खोदून तो ऑक्साइडने भरतात. त्याआधी भिंतींना ऑक्साइडचे आणि त्यावर नायट्राइडचे पातळ अस्तर देतात. पुढे पृष्ठभागावरचे नायट्राइड सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या फॉस्फरिक आम्लाने काढताना आम्ल अस्तरातही उतरते, काठाशी खाच पडते, तिच्यात गेटचे, म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या भागाचे, पॉलिसिलिकॉन बसते आणि ट्रान्झिस्टरची कड ठरल्यापेक्षा कमी व्होल्टेजला चालू होते. अर्जदाराने अस्तराचे टोक सिलिकॉनच्या पृष्ठभागाखाली घेतले होते.

पहिल्या पेटंटात या खाचेचा उल्लेख होता, पण उपाय म्हणून अस्तर पातळ करायला सांगितले होते. दुसऱ्यात डीरॅम या स्मृती-चिपच्या खोल चरातले अस्तर विद्युत जोडणीसाठी वरून कापले होते. हेतूच वेगळा, हा अर्जदाराच्या वकिलांचा मुद्दा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालानंतर फारसा टिकत नाही. त्या क्षेत्रात माहीत असलेली कोणतीही अडचण दोन गोष्टी एकत्र आणायला पुरेसे कारण ठरू शकते. शिवाय एक उपाय सांगितला म्हणून दुसऱ्यापासून परावृत्त केले, असे होत नाही. मुख्य दावा, म्हणजे अर्जदार ज्यावर हक्क मागतो ते मूळ वर्णन, टिकणार नाही असे मी लिहिले. वकिलांना ते रुचले नाही, हे ओघाने आलेच.

खरा वेळ गेला एका उपदाव्यावर, म्हणजे मुख्य दाव्यात आणखी एक तपशील जोडणाऱ्या दाव्यावर. चराच्या वरच्या कोपऱ्याला गोलाई देणारे ऑक्सिडीकरण एरवी नायट्राइडच्या आधी उरकतात. इथे ते अस्तर खाली घेतल्यानंतर केले होते, त्यामुळे उघडा पडलेला कोपरा तेवढा गोल होत होता आणि खालची भिंत नायट्राइडच्या आडोशाने जशीच्या तशी राहत होती. ही नुसती क्रमाची अदलाबदल आहे, असे परीक्षकाचे म्हणणे होते आणि अर्ज समोर ठेवून वाचले की ते पटण्याजोगेही होते. म्हणून अर्ज मिटून केवळ त्या दोन पेटंटांवरून प्रक्रियेचा क्रम लिहून काढला. पहिल्यात गोलाई आधीच झालेली असल्याने पुन्हा ऑक्सिडीकरण करायला काही कारणच उरत नव्हते. दुसऱ्यात कोपऱ्याचा विचारच नव्हता. अडचण ठरलेल्या नायट्राइडलाच आडोसा म्हणून वापरायचे, हे दोन्हींतून निघत नव्हते.

तो उपदावा मुख्य दाव्यात सामावून घ्यावा असे सुचवून, कोपऱ्याच्या छेदाच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रांसह मी माझे मत पाठवले.