सोडायचाच, तर धरतोस कशाला?

गळाला लागलेला मासा मी परत पाण्यात सोडतो. का, ते तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी इंदुरात हा प्रश्न आला की मी पोह्यांवर शेव घालून घेतो आणि विषय बदलतो. काकू मात्र सोडत नाहीत. "सोडायचाच, तर धरतोस कशाला रे? आणि सोडलेला जगतो तरी का?"

धरतो, कारण मजा येते. दुसरं काही कारण नाही. जगण्याचं उत्तर मात्र मला अडचणीचं आहे: सगळे जगत नाहीत.

पोहत गेला म्हणजे वाचला, असं मीही कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. गळाशी झुंजून माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, तो पार दमतो, आणि नेमका तेव्हाच आपण त्याला फोटोसाठी वर काढतो. हवेत कल्ल्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात. धापा टाकणाऱ्याचं नाक-तोंड दाबावं, तसं. कॅनडातल्या १९९२ च्या एका प्रयोगात नुसत्या दमवलेल्या रेनबो ट्राउटपैकी १२ टक्के मेले. दमवून मिनिटभर हवेत धरलेल्यांपैकी ७२ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला, नर्मदेतल्या आपल्या बाडसला, म्हणजे महसीरला, हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. पण ऊन पाण्यात प्राणवायू मुळातच कमी. म्हणून मे महिन्यात मी नर्मदेकाठच्या बडवाहला जातच नाही. १६ जून ते १५ ऑगस्ट तर मासेमारीला बंदीच असते.

गळवाल्यांचा माशांना उपयोग झाला तो कावेरीवर, तोही नकळत. तिथल्या एका कॅम्पमधल्या १९९८ ते २०१२ च्या, पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. मूळचा कुबडवाला महसीर नाहीसा होत चालला होता आणि निळ्या परांचा वाढत होता. तो निळ्या परांचा आला कुठून, तर आपल्या लोणावळ्याच्या हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून), चांगल्या हेतूनं सोडलेल्या बीजातून! २०१८ साली कुबडवाल्याची 'अतिसंकटग्रस्त' अशी नोंद झाली. वही ठेवली नसती तर हे कळायलाही उशीर झाला असता.

आता मी गळाचा उलटा दात पकडीनं दाबून टाकतो, हात ओले करतो (कोरड्या हातांनी माशाचा बुळबुळीत थर निघतो) आणि पाण्यातच सोडवतो. गळ खोल गिळला असेल तर ओढत बसत नाही, दोरी कापतो. फोटो नाही.

"फोटो नाही?" काकू म्हणाल्या. "मग धरलास कशावरून?"