पिंपे बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा

बाबा लिव्हरपूलला माझ्याकडे राहायला आले, त्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडत असल्यामुळे आम्ही दोघांनी घरात बसून पुष्कळ चित्रपट पाहिले. बाबांचे इंग्रजी बेताचे आहे, म्हणून मी शेजारी बसून महत्त्वाचे संवाद मराठीत सांगत असे. पीट पॉसलथ्वेट या इंग्रज अभिनेत्याचा ‘ब्रास्ड ऑफ’ हा १९९६ सालचा चित्रपट पाहताना मात्र त्यांनी हाताने खूण करून मला गप्प केले. यॉर्कशरमधील एका कोळसा खाणीच्या बँडचा उतारवयातील बँडमास्तर डॅनी, छातीत कोळशाची धूळ साचून, इस्पितळाच्या खाटेवर पडलेला असतो. खिडकीबाहेर अंधारात त्याचे वादक जमतात आणि डोक्यावरच्या हेल्मेटचे दिवे लावून त्याच्यासाठी धून वाजवू लागतात. डॅनी ती ऐकत राहतो. त्या प्रसंगात सांगण्यासारखा संवादच नव्हता. तो संपल्यावर बाबा म्हणाले, “हा नट वाटत नाही रे. आमच्या खात्यातला माणूस वाटतो.”

बाबा परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते, आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा गिरणीचे फाटक ओलांडले नाही. कापसाची धूळ छातीत बसली म्हणजे कसे खोकावे लागते, हे त्यांना कोणी पडद्यावर दाखवण्याची गरज नव्हती. म्हणूनच त्यांनी दिलेली ती पावती मला कोणत्याही समीक्षेपेक्षा मोलाची वाटते.

डॅनीची भूमिका करणारे पीट पॉसलथ्वेट आमच्या घरापासून फार लांबचे नव्हेत. त्यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९४६ रोजी वॉरिंग्टन येथे झाला. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधोमध वसलेले हे कारखान्यांचे गाव लोकलने गाठता येते. वडील लाकडी पिंपे बनवणारे कारागीर होते आणि पुढे एका शाळेची देखभाल पाहत. घर कॅथलिक, चार भावंडे, पीट सर्वांत धाकटे. आडनावातला पहिला ‘ट’ उच्चारत नाहीत, हे मला इथे आल्यावर कळले. त्यातील ‘थ्वेट’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलेला असून त्याचा अर्थ झाडी तोडून मोकळी केलेली जमीन असा होतो. आपल्या ‘कर’ लावणाऱ्या आडनावांप्रमाणे हेही मुळात गावावरून पडलेले नाव आहे. सुरुवातीच्या काळात त्यांना एजंटने आणि सहकाऱ्यांनी हे आडनाव बदलण्याचा सल्ला दिला होता. त्यांनी तो मानला नाही.

शिक्षण संपल्यावर ते शिक्षक झाले आणि मँचेस्टरमधील एका कॅथलिक महाविद्यालयात नाट्यकला शिकवू लागले. हाती पगाराची नोकरी असताना ती सोडून त्यांनी ब्रिस्टल ओल्ड विक नाट्यशाळेत प्रवेश घेतला. कामगाराच्या घरात असा निर्णय किती जड जातो, याची कल्पना आपल्याकडच्या वाचकांना सहज येईल. त्यानंतर ते लिव्हरपूलच्या एव्हरीमन नाट्यगृहात दाखल झाले, आणि माझ्या मते त्यांची खरी घडण तिथेच झाली.

हे नाट्यगृह होप स्ट्रीटवर आहे. ज्या इमारतीत ते १९६४ साली सुरू झाले, ती एकोणिसाव्या शतकातील प्रार्थनास्थळाची होती. सत्तरच्या दशकात तिथल्या नटसंचात ज्यूली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर अशी पुढे नावाजलेली नटमंडळी होती, आणि विली रसेल व अ‍ॅलन ब्लीझडेल यांच्यासारखे स्थानिक लेखक त्यांच्यासाठी नाटके लिहीत होते. ही मंडळी व्हॅनमध्ये बसून शहरातील पबांमध्येही प्रयोग करायला जात. हातात बिअरचा ग्लास घेऊन उभा असलेला, तिकीट न काढलेला, न आवडल्यास पाठ फिरवून गप्पांना लागणारा प्रेक्षक ज्याने बांधून ठेवला, त्याला पुढे कॅमेऱ्यासमोर मोठ्याने काही करण्याची गरज भासली नाही. त्यांचे काम पुन्हा पुन्हा पाहताना हे मला प्रकर्षाने जाणवते.

त्यांच्या चेहऱ्याविषयी इथल्या वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले गेले आहे. उंच आलेली गालफडे, मोठे नाक, ओबडधोबड ठेवण असलेला तो चेहरा नायकाचा नव्हता, त्यामुळे चित्रपटांत त्यांना मोठ्या भूमिका मिळायला वेळ लागला. १९८८ सालच्या ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’ या चित्रपटात त्यांनी लिव्हरपूलच्या एका कामगार कुटुंबातील मारकुटा बाप उभा केला. दिग्दर्शक टेरेन्स डेव्हिस यांनी स्वतःच्या घरातील आठवणींवरून रचलेला हा बाप पाहणाऱ्याला धाक वाटतो, आणि त्याच वेळी घोड्याला खरारा करताना तो किती हळुवार होतो, हेही दिसते.

पाच वर्षांनी ‘इन द नेम ऑफ द फादर’मध्ये त्यांनी याच्या अगदी उलट बाप साकारला. १९७४ सालच्या गिल्डफर्ड बॉम्बस्फोटांनंतर निरपराध असूनही तुरुंगात डांबल्या गेलेल्या आयरिश माणसांपैकी एक असलेले जूझेपे कॉनलन हाच तो बाप. १९८० साली ते कैदेतच वारले, आणि त्यांचा मुलगा जेरी १९८९ साली सुटला. चित्रपटात बापलेक एकाच कोठडीत दाखवले आहेत, प्रत्यक्षात तसे नव्हते. मुलाच्या भूमिकेत डॅनियल डे-लुईस आहेत. तेही ब्रिस्टलच्या त्याच नाट्यशाळेतून आलेले. मुलगा भिंतींवर डोके आपटत असताना हा बाप नुसता बसून पत्रे लिहितो, प्रार्थना करतो, श्वास लागला तरी आवाज चढवत नाही, आणि तरीही आपली नजर त्याच्यावरून हलत नाही. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते.

मग हॉलीवूड आले. ‘द यूझ्वल सस्पेक्ट्स’मधील वकील कोबायाशी, ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’मधील धर्मगुरू, दिग्दर्शक स्पीलबर्ग यांचे १९९७ सालचे ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि ‘अ‍ॅमिस्टाड’. स्पीलबर्ग यांनी त्यांना जगातील सर्वोत्तम अभिनेता म्हटले, आणि ते विशेषण पुढे प्रत्येक लेखात त्यांच्या नावामागे लागले. मला स्वतःला त्या मोठ्या चित्रपटांपेक्षा ‘ब्रास्ड ऑफ’ अधिक जवळचा वाटतो. तो ज्या ग्राइमथॉर्प गावावरून सुचला, तेथील खाण १९९३ साली बंद झाली. खाणी बंद करण्याची सरकारी घोषणा ऑक्टोबर १९९२ मध्ये झाली आणि त्याच महिन्यात त्या खाणीच्या बँडने लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. चित्रपटातील वादन त्याच बँडचे आहे. गिरणगावात वाढलेल्या माणसाला या घटनाक्रमात परके असे काही वाटत नाही.

त्यांनी घर केले ते श्रॉपशरच्या ग्रामीण भागात. हवामान बदलावरील ‘द एज ऑफ स्टुपिड’ या २००९ सालच्या चित्रपटात त्यांनी काम केले, आणि किंग्जनॉर्थ येथे कोळशावरील नवे वीजकेंद्र मंजूर झाल्यास २००४ साली मिळालेला ओबीई हा ब्रिटिश राजसन्मान परत करीन, असे सरकारला जाहीरपणे बजावले. ते केंद्र झाले नाही. खाणकामगारांची बाजू इतक्या मायेने मांडणारा नट कोळशाच्या विरोधात कसा, असे मला एका शेजाऱ्याने विचारले होते. मला त्यात विसंगती दिसत नाही. दोन्ही वेळा ते ज्यांना किंमत मोजावी लागणार त्यांच्या बाजूने उभे होते.

२००८ साली लिव्हरपूल युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. त्या वर्षी ते ६२व्या वर्षी एव्हरीमनला परतले आणि ‘किंग लिअर’ केला. प्रयोगाविषयी समीक्षकांचे एकमत झाले नाही. लोकांनी मात्र ‘आपला पीट’ पाहायला गर्दी केली होती, असे आमच्या इमारतीतील एक आजी अजून सांगतात.

२ जानेवारी २०११ रोजी श्रूजबरीच्या रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी एव्हरीमनची जुनी इमारत पाडण्यासाठी बंद झाली. २०१४ साली नवी उभी राहिली, तेव्हा जुन्या इमारतीच्या सुमारे २५ हजार विटा जपून प्रेक्षागृहाच्या भिंतीत पुन्हा बसवण्यात आल्या. बाबा भारतात परतण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना तिथे नाटकाला घेऊन गेलो. नाटक त्यांना फारसे कळले नसावे. मध्यंतरात सगळे बाहेर गेले, तरी ते जागेवरून उठले नाहीत, बाजूच्या भिंतीवर तळहात टेकवून त्यांनी मला विचारले, “तो डॅनी इथेच काम करायचा ना?”