तुम्ही विचारलंत म्हणून: एसी असून बिल एवढंच?

"काकू, एसी तर रोज लावता की ओ, मग बिल आमच्या निम्मंच कसं?" मे महिन्याचं बिल आलं की शेजारची सूनबाई हमखास विचारते. यंदा भिशीतही तिघींनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

हे मी शिकले अमेरिकेत, मुलाकडे. ऐन थंडीत गेले होते. भिंतीवर घराचं तापमान सांभाळणारा तळहाताएवढा थर्मोस्टॅट, त्यात दिवसभराचं वेळापत्रक भरलेलं. सगळे कामाला गेले की घर गार होऊ द्यायचं, परतायच्या आधी पुन्हा ऊब. मला वाटायचं, परत तापवायला उलट जास्तच जळत असेल. पण पातेल्यातलं पाणी आठवा. कढत असतं तेव्हा भराभर निवतं, कोमट झालं की रेंगाळतं. घराचंही तसंच; आतबाहेरचा फरक जितका मोठा, तितकी उष्णता जास्त पळते. रोज आठ तास सात ते दहा अंश फॅरनहाइट फरक केला तर घर तापवण्या-गार करण्याच्या खर्चात वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाचतं, असं तिथलं ऊर्जा खातंच सांगतं.

सोलापुरात गणित तेच, फक्त उलटं. बाहेर बेचाळीस, आणि आत अठराचा हट्ट! लोकांना वाटतं अठरावर खोली लवकर गार होते. नाही होत. तो आकडा म्हणजे कुठं थांबायचं ते. आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली अठरा काही येत नाही, म्हणून वीज खाणारा कॉम्प्रेसर थांबतच नाही. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या घरात आमची आजी भर वैशाखात दुपारी निवांत झोपायची, ते सुख स्लॅबनं घालवलं.

2020 पासून स्टार असलेले नवे एसी मुळातच 24 वर लावून येतात. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते म्हणतात. मी 27 ठेवते, वर पंखा. पंखा पाऊणशे वॅटचा, दीड टनी एसी दीड हजाराच्या आसपास. रात्री साडेतीनला बंद व्हायचा टायमर लावते. तोवर स्लॅबही निवलेला असतो.

बिलातही स्लॅब असतोच! 100, 300, 500 युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर चढतो. त्यामुळं शेवटचे साठ-सत्तर युनिट वाचले तर ते महागातलेच वाचतात. सूनबाईचं बिल दुप्पट, पण वीज काही दुप्पट जळलेली नसते.

एक गोष्ट मात्र अजून जमली नाही. रात्री लाइट जाऊन आली की आमचा एसी टायमर विसरतो आणि सुरूच राहतो. मग पहाटे पाचला जाग येते, तेव्हा ऐन मे महिन्यात आम्ही दोघं सोलापुरी चादर ओढत असतो.