मूरेआच्या लगूनमधली शार्कची पिल्लं: पाठीच्या पराची नोंदवही, फेब्रुवारीपर्यंत

फ्रेंच पॉलिनेशियात मूरेआ बेटाच्या लगूनकडेला (लगून म्हणजे प्रवाळभिंतीच्या आतलं उथळ पाणी) नोव्हेंबरपासून काळ्या टोकाच्या रीफ शार्कची पिल्लं दिसू लागतात. यंदा पाठीच्या पहिल्या परावरून एकेक पिल्लू वेगळं ओळखायचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय.

आधी वेळ. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरती काढतात, तो हिशेब इथे चालत नाही. मूरेआ ज्यांत येतं त्या सोसायटी बेटांवर भरती-ओहोटी चंद्रापेक्षा सूर्याच्या तालावर चालते. भरती रोज दुपारी आणि मध्यरात्री, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि चढउतार जेमतेम 30 सेंमी. म्हणून फोटो सकाळी सात-आठलाच. तेव्हा पाणी घोट्याएवढं असतं आणि 50 सेंमीच्या पिल्लाचा पर वर येतो. सूर्य पाठीशी ठेवून स्थिर उभं राहायचं. पाठलाग केला की पिल्लू खोल पाण्यात जातं आणि सकाळ फुकट.

काळं टोक आणि त्याखालचा फिकट पट्टा यांच्यामधली रेघ हीच खरी ओळख. तिच्यातली पायरी, खाच, सुटा ठिपका मोठं करून बघा. डाव्या आणि उजव्या बाजूची रेघ वेगळी असते, त्यामुळे एका फेरीत दोन्ही बाजू मिळाल्या नाहीत तर एकच पिल्लू वहीत दोनदा चढतं. उजवा फोटो उलटा करून डाव्याशी जुळवू नका. पराची फाटलेली कड भरून येते, तिच्यावर भिस्त नको.

शटर 1/1000, सलग फोटो. ओल्या परावर चकाकी आली की रेघ पुसली जाते, म्हणून पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) हवाच. उजळ पाण्यामुळे कॅमेरा फोटो काळवंडवतो आणि काळं-करडं एक होतं. एक्स्पोजर +0.7 ठेवा.

वय कळतं पोटावरून. छातीच्या परांमधली नाळेची जखम आधी उघडी असते, मग नुसती रेघ उरते आणि पुढे तीही जाते. त्यासाठी छोटा कॅमेरा शिशाच्या वजनासकट वाळूवर, भिंग वर करून. लांबी मात्र त्यातून काढू नका, रुंद भिंग खोटं सांगतं. 10 सेंमीच्या खुणांची काठी तळाशी ठेवा आणि पिल्लू तिच्याजवळून जाईल तेव्हाच माप घ्या.

जानेवारीत काही पिल्लं डोक्यामागे खपाटीला गेलेली दिसली तर घाबरू नका. ती यकृतात आईकडून मिळालेला साठा घेऊन जन्मतात आणि शिकार जमेपर्यंत त्यावरच जगतात, त्यामुळे सुरुवातीचे आठवडे वजन उतरतं. कीव येते, तरी खाऊ घालू नका. त्यांना माणसामागे येण्याची सवय लागली तर नोंदींना अर्थ राहत नाही, आणि पिल्लाचंही नुकसानच.

आई शोधायला आसपासच्या माद्यांचे फोटो चाळण्यात वेळ घालवू नका. मूरेआच्या काही माद्या सुमारे 50 किमीवरच्या तेतिआरोआ बेटाला जाऊन वितात, हे डीएनएवरून सिद्ध झालंय.

मार्चसाठी एकच सूचना. याच कडेला विळ्यासारख्या परांच्या लेमन शार्कची पिल्लंही असतात. पाठीचे दोन्ही पर जवळजवळ सारख्या आकाराचे आणि टोक काळं नसेल, तर नोंद वेगळ्या पानावर.