दीड हजाराचं की पंधरा हजारांचं?

हेल्मेट दीड हजाराचं घ्यावं की पंधरा हजारांचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं रोजच कुणी ना कुणी विचारतं. पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या त्या सगळ्या गजबजाटात, वडिलांनी मांडलेलं ॲक्सेसरीजचं दुकान गेली चौदा वर्षं मी बघते. गिऱ्हाईक आत येतं, भिंतीवरच्या हेल्मेटांवरून नजर फिरवतं, सगळ्यांत वरच्या फळीकडे बोट दाखवून किंमत विचारतं, ती ऐकून "बाप रे" म्हणतं. मग खालच्या फळीकडे बघत, जरा आवाज उतरवून म्हणतं, "ताई, खरं सांगा, महागातलं खरंच जास्त वाचवतं का हो?"

खरं सांगण्यात माझा तोटा आहे. वरच्या फळीवरचं एक गेलं की दिवस निघतो, खालच्या फळीवरची पाच जावी लागतात. तरी सांगते: किमतीच्या पटीत संरक्षण वाढत नाही. तीनशेवरून दीड हजारावर याल तेव्हा जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दीड हजारावरून पंधरावर गेलात तर फरक पडतो, पण तुम्हाला वाटतो तिथे नाही.

हे पटवायला माझ्या काउंटरखाली दोन अर्धी हेल्मेटं ठेवलेली आहेत. एक हायवेच्या कडेला दोरीवर टांगून विकतात तसलं, अडीचशे रुपयांना मीच मुद्दाम घेतलेलं. दुसरं आमच्याकडचंच आयएसआयचं, तेराशेचं, काचेचा खटका तुटल्यामुळे विकता न येणारं. दोन्ही हॅक्सॉने उभी कापली. पहिल्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. आत टाळूपुरता थर्माकोलचा एक पापुद्रा, बाजूंना नुसता स्पंज आणि त्यावर काळं रेक्झिन. थर्माकोल चिमटीत धरला तर भुगा झाला. दुसऱ्याने घाम काढला. कवच बरंच जाड, आणि त्याच्या आत कपाळापासून मानेपर्यंत, कानांच्या वरपर्यंत, सलग थर्माकोल, जवळजवळ दोन बोटं जाडीचा, दाणेदार आणि घट्ट. गिऱ्हाइकासमोर हे दोन तुकडे शेजारी ठेवले की बहुतेक वेळा मला पुढे बोलावं लागत नाही.

पण बोलतेच, कारण इथे एक मोठा गैरसमज आहे. हेल्मेट हातात घेतलं की लोक त्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, कलिंगड बघतात तसं. "मजबूत आहे ना?" कवच मजबूत हवंच, टोकदार काही आत घुसू नये आणि मार एका ठिकाणी न बसता पसरावा, हे त्याचं काम. डोकं वाचवतो तो मात्र आतला थर्माकोल, आणि तो वाचवतो चेपून. डोकं रस्त्यावर जागच्या जागी थांबण्याऐवजी त्या दोन बोटांच्या अंतरात थांबतं. तेवढ्याच जागेत आणि काही मिलिसेकंदांत सगळा खेळ असतो. म्हणून थर्माकोल गरजेपेक्षा टणक असला तर तो चेपतच नाही आणि हिसका थेट मेंदूला पोचतो. अमेरिकेत 2005 साली एका मोटरसायकलच्या मासिकाने स्वस्त-महाग हेल्मेटं प्रयोगशाळेत आपटून बघितली, तेव्हा साधारण 80 डॉलरच्या एका हेल्मेटमधून डोक्याला सगळ्यांत कमी हिसका पोचला. स्नेल या नावाजलेल्या प्रमाणपत्राची काही महागडी हेल्मेटं उलट जास्त कडक निघाली. त्या चाचणीत एकाच जागी दोनदा आपटत, आणि दुसऱ्या आपटण्यासाठी थर्माकोल शिल्लक ठेवायचा म्हणजे तो कडकच करावा लागे. त्यावरून तिकडे बरीच खडाजंगी झाली, आणि स्नेलच्या 2010 च्या मानकात हिसक्याच्या मर्यादा खाली आल्या.

ब्रिटनच्या वाहतूक खात्याने तर 2007 साली शार्प नावाची योजनाच काढली. दुकानांतून हेल्मेटं विकत आणायची, वेगवेगळ्या वेगांनी, वेगवेगळ्या जागी आपटायची आणि एक ते पाच तारे द्यायचे. तिथे 60-70 पौंडांची हेल्मेटं पाच तारे घेऊन गेली आणि कित्येक पट किमतीची काही तीनवर अडकली. महागातल्यांनाही पाच मिळाले आहेत, नाही असं नाही. पण किंमत बघून तारे ओळखता येत नाहीत, एवढं त्या यादीवरून कुणालाही दिसेल.

आता हुशार गिऱ्हाईक इथे अडवतं. "आपटतात म्हणजे किती स्पीडने?" युरोपच्या 22.05 या आधीच्या मानकात हेल्मेट घातलेलं धातूचं डोकं सेकंदाला साडेसात मीटर वेगाने ऐरणीवर सोडत. म्हणजे ताशी 27 किलोमीटर. डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या 275 पटींच्या आत राहायला हवा असे. सत्तावीस ऐकलं की हमखास हसू येतं: "ताई, मी ऐंशीने जातो." जा बाबा. पण पडताना तुझं डोकं जमिनीकडे ऐंशीने येत नाही. ते सीटवर बसलेल्या माणसाच्या उंचीवरून खाली येतं, आणि पुढे जाण्याचा वेग बऱ्याचदा घसरण्यात, फरपटण्यात जिरतो. साडेसात मीटरचा वेग यायला जवळजवळ खोलीच्या छताएवढ्या उंचीवरून पडावं लागतं. समोर झाड, खांब किंवा ट्रकचा मागचा भाग आला तर गोष्ट वेगळी. तिथे पंधरा हजारांचं काय आणि पन्नास हजारांचं काय, ऐंशीच्या वेगासमोर दोन बोटं थर्माकोलला मर्यादा आहेत. नव्या 22.06 मध्ये वेग 8.2 मीटरपर्यंत नेला आहे, आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे 6 मीटरची हलकी चाचणीही घातली आहे. जोराच्या माराला टिकावं म्हणून थर्माकोल दगडासारखा केला तर या हलक्या चाचणीत पितळ उघडं पडतं.

मग वरच्या फळीवर पैसे कशाचे? वजनाचे. फायबर किंवा कार्बनचं कवच हलकं असतं, आणि ताम्हिणीतून कोकणात उतरून त्याच दिवशी परत येणाऱ्याच्या मानेला त्यातला दोनशे ग्रॅमचा फरक बरोबर कळतो. हवेच्या झडपांचे, वाऱ्याचा आवाज कमी येण्याचे, पावसात वाफ न धरणाऱ्या काचेचे, काढून धुता येणाऱ्या अस्तराचे. आणि मापांचे: स्वस्तात बहुतेक वेळा एकदोन मापांचीच कवचं काढून आतला स्पंज कमी-जास्त करतात, महागात चार-पाच मापांची वेगळी कवचं असतात. डोकं घासत गेलं की मेंदूला पीळ बसतो, तो कमी करणारं मिप्ससारखं सरकतं अस्तर बऱ्याचदा वरच्या किमतीतच मिळतं. स्टॉकहोममध्ये एका मेंदूच्या सर्जनच्या कामातून ते निघालं. पिळाची चाचणीही 22.06 मध्ये आली आहे, त्यामुळे त्या मानकाचं हेल्मेट मिळत असेल आणि परवडत असेल तर जरूर घ्या. महाग म्हणजे सगळं थोतांड, असं मी म्हणत नाही. मे महिन्यात सिग्नलला हेल्मेट काढून हँडलला लावणारी माणसं मी रोज बघते. हवा खेळती असल्यामुळे जे डोक्यावर राहतं, त्यात घातलेले पैसे वाया गेले असं कसं म्हणू?

माझी स्वतःची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका वळणावर गाळावरून माझी स्कूटर घसरली. वेग पस्तीसच्या आसपास. डाव्या अंगावर पडले, खांदा आधी, मग डोकं. डोक्यावर चौदाशे पन्नासचं हेल्मेट. उठून बसले, लोकांनी स्कूटर उचलली, कुणीतरी पाणी दिलं. घरी येऊन बघितलं तर बाहेर मांजराने ओरखडावं तसे दोन चरे, बस. दुसऱ्या दिवशी दुकानात आतलं अस्तर उसकटून काढलं, तर कानाच्या वर थर्माकोलला खळगा पडला होता. अंगठा बरोबर बसेल एवढा. तो खळगा माझ्या कवटीला पडायचा होता. ते हेल्मेटही ठेवलंय काउंटरखाली. "एकदाच पडलंय, वरून तर चांगलं दिसतंय" म्हणणाऱ्यांना दाखवायला. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

आणि याच्या उलट. आमचंच एक गिऱ्हाईक, परदेशातून मागवलेलं हेल्मेट, किंमत माझ्या दुकानाच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी. पट्टा मात्र कधी लावायचा नाही, "काढायला-घालायला बरं पडतं" म्हणून. पडला तेव्हा हेल्मेट त्याच्या आधी रस्त्यावर पोचलं. नुसतं मोकळंच घरंगळत गेलं. कपाळाला अकरा टाके पडले, नशिबाने तेवढ्यावर निभावलं. हेल्मेटचं काहीच बिघडलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्येही हेल्मेट नीट बांधलेलं असावं असं म्हटलंय, पण आपल्याकडे पट्टा हा चौकात मामा दिसल्यावर हनुवटीखाली धरायचा प्रकार आहे. पुण्याबद्दल तर काय बोलावं! 2019 च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीच्या निषेधाला पुणेरी पगड्या घालून लोक रस्त्यावर उतरले होते. त्या आठवड्यात माझा धंदा मात्र जोरात झाला, त्यांतलेच काही असतील.

तर निवडायचं कसं? आधी आकार. जर्मनीत हॅनोवरला अपघातातली हेल्मेटं तपासली, तेव्हा जवळजवळ तिसरा हिस्सा मार हनुवटीच्या भागावर निघाला. तिथे अर्ध्या हेल्मेटला काहीच नसतं. म्हणून हनुवटी उघडी ठेवणाऱ्या आठ हजारांच्या ऐटबाज ओपन फेसपेक्षा हनुवटी झाकणारं पंधराशेचं साधं फुल फेस मी कधीही देईन. मग माप. हेल्मेट घातलं की गाल थोडे वर आले पाहिजेत, फुगा फुगवल्यासारखे. मान हलवली की हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही हलली पाहिजे. पट्टा लावून मी मागून वर ढकलून बघते. निघून आलं तर ते तुमचं नाही, मग कितीचंही असो. दहा मिनिटं घालून दुकानात बसा म्हणते. लोकांना लाज वाटते. बसा हो, चहा मागवते. कपाळावर एका जागी टोचायला लागलं तर दुसरी कंपनी बघू, कारण बेळगावच्या व्हेगाचा आतला आकार एक, फरिदाबादच्या स्टड्सचा दुसरा, आणि तुमच्या डोक्याचा तिसरा.

शिक्का बघा, पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. स्टिकर काय, कुणीही छापतं. 1 जून 2021 पासून आयएसआयशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं-विकणंच बेकायदेशीर आहे, तरी ते दोरीवर लटकतंच. खऱ्यावर आयएस 4151 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव-गाव येतं. नाव वेगळं आलं किंवा आलंच नाही, तर पैसे परत खिशात. घरी नेल्यावर पेट्रोलच्या बोळ्याने डाग काढू नका, थर्माकोल पेट्रोलमध्ये अक्षरशः विरघळतो. थिनरही नको, त्याने प्लॅस्टिकच्या कवचाला न दिसणाऱ्या चिरा जातात. आणि पाचेक वर्षांनी बदला.

गेल्या महिन्यात एक जोडपं आलं होतं. नवी बाइक, साहेबांनी बावीस हजारांचं डोक्यावर चढवलेलं, आरशात डावीकडून-उजवीकडून बघून झालं. मग म्हणाले, "हिच्यासाठी एखादं साधं द्या, पाचशेपर्यंतचं. मागेच तर बसते." मी म्हटलं, पाचशेचं माझ्याकडे नाही. सरकारी आकड्यांत 2022 साली हेल्मेट न घातलेली 50,029 माणसं दुचाकीच्या अपघातांत दगावली, त्यांतली 14,337 मागेच बसलेली होती. ते गप्प झाले. बाईंनी खालच्या फळीवरचं अठराशेचं फुल फेस घातलं. मागे अडलं, कारण केसांना मोठा क्लचर होता. हेल्मेट वर उचललं गेलं आणि पट्टा हनुवटीऐवजी गळ्याशी आला.

"लार्ज देऊ का?" नवऱ्याने विचारलं.

"नको," म्हणाल्या त्या. क्लचर काढून पर्समध्ये टाकला, केस खाली मानेवर बांधले आणि तेच हेल्मेट पुन्हा मागितलं. साहेब बावीस हजारांचं काढून ठेवत म्हणाले, "याच्यातलंच मलापण दाखवा."