रिकामा माइक आणि ८७ मिलिसेकंद

२० ऑक्टोबर, रात्री

याच तारखेला, १९७७ साली, लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकन रॉक बँडचं विमान मिसिसिपीत गिल्सबर्गजवळच्या रानात कोसळलं. इंधन संपलं होतं. २६ जणांपैकी ६ गेले. त्यांत गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स आणि त्याची बहीण कॅसी, जी कोरसमध्ये गायची. दहा वर्षांनी उरलेले पुन्हा एकत्र आले, रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी गायला उभा राहिला आणि १९८७ च्या त्या दौऱ्यातून ‘सदर्न बाय द ग्रेस ऑफ गॉड’ हा लाइव्ह अल्बम निघाला.

पुनर्मीलनाच्या अल्बमकडे जरा संशयानेच बघावं. बहुतेकांत जुनी गाणी, जाडजूड आवाज आणि वर टाळ्यांचा थर, एवढंच हाती लागतं. हा अल्बम ऐकायचा तर त्याआधी १९७६ चा ‘वन मोअर फ्रॉम द रोड’ ऐकावा. तो अटलांटाच्या फॉक्स थिएटरात ध्वनिमुद्रित झालेला. दोन्हींचा निर्माता टॉम डाउड, त्यामुळे बदललं काय ते नीट कळतं.

बदललंय बरंच. तीन गिटारी आहेत, पण माणसं तीच नाहीत. गॅरी रॉसिंग्टन आहे. एड किंग १९७५ मध्येच बँड सोडून गेला होता, तो परतलाय. तिसरी जागा ॲलन कॉलिन्सची. १९८६ च्या मोटार अपघातात त्याचं कमरेखालचं अंग लुळं पडलं, म्हणून त्याच्या जागी रँडल हॉल वाजवतो. गोची होते ती गेन्सच्या गाण्यांत. ‘आय नो अ लिटल’ त्याचंच, बोटांनी तारा छेडत चालणारं. नुसत्या पिकने (तारा छेडायच्या चकतीने) ते वाजवलं की सूर बरोबर लागतात आणि चाल मात्र लंगडते. ‘यू गॉट दॅट राइट’ तर रॉनी आणि स्टीव्ह यांचं द्वंद्वगीत. तिथे एक नव्हे, दोन आवाजांची जागा भरायची होती. स्टीव्ह मॉर्स, टॉय कॉल्डवेल असे पाहुणे आहेत. बरे वाजवतात, पण आपलं लक्ष पाहुण्यांकडे नसतं.

२१ ऑक्टोबर

आज फक्त बँडचं ‘फ्री बर्ड’ हे गाणं.

१९८७ च्या दौऱ्यात जॉनीने ते गायला नकार दिला. बँडने नुसतं वाजवायचं आणि शब्द लोकांनी म्हणायचे, असं ठरलं. ऐकायला सोपं वाटतं, पण ध्वनिमुद्रण करणाऱ्यासाठी याहून कटकटीचं काम नाही.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. रंगमंचापासून ३० मीटरवर उभ्या माणसापर्यंत सूर ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, ६० मीटरवर १७५. मागचे लोक जे ऐकतात त्यावर गातात आणि त्यांचं गाणं माइकपर्यंत परत यायला पुन्हा तेवढाच वेळ लागतो. ठोका अर्ध्या सेकंदाचा असता तर मागची रांग पुढच्या ठोक्यात घुसली असती. पण ‘फ्री बर्ड’चा संथ भाग मिनिटाला साठेक ठोक्यांचा, एका ठोक्याला जवळपास अख्खा सेकंद मिळतो आणि उशीर त्यात विरघळून जातो. लय चढते तिथे शब्दच संपलेले असतात. ही योजना याच गाण्यावर का जमली, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

दुसरी अडचण सुराची. मोठा जमाव आधाराशिवाय गायला की हळूहळू उतरतो. बँडमधल्या बिली पॉवेलची कळफलकावरची साथ लोकांना सुरावर धरून ठेवते. आठ मात्रांचं... नव्हे, आठ बारचं (एक बार म्हणजे चार ठोके) कॉर्डचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळण्यांचं, आवर्तन आहे: जी, डी (खालचा सूर एफ शार्प), ई मायनर दोन बार, एफ, सी आणि डी दोन बार. द्रुत भागात जी, बी फ्लॅट, सी. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच, काळी पाच, पांढरी एक. एवढ्या तीन कॉर्डवर गिटारचा तो अवाढव्य सोलो उभा आहे.

२२ ऑक्टोबर, पहाटे

घरच्या किंवा कॉलेजच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी थोडं.

गर्दीचे माइक स्पीकरकडे तोंड करून लावले की त्यांत लोक कमी आणि स्पीकर जास्त येतो. मग मिश्रणात स्नेअर ड्रम दोनदा ऐकू येतो: एकदा जवळच्या माइकमधून, एकदा दूरच्या. उशीर तीसेक मिलिसेकंदांपुढे गेला की कानाला सरळ दोन ठोके कळतात. त्याहून कमी असला तर आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. त्यावर उपाय म्हणजे दोन कार्डिऑइड (समोरचं जास्त, पाठीमागचं कमी टिपणारे) माइक रंगमंचाच्या कडेला, पाठ स्पीकरकडे आणि तोंड लोकांकडे. तेवढ्याने भागलं नाही तर संगणकावर गर्दीचे ट्रॅक उशिराच्या हिशेबाने तेवढे आधी सरकवावेत, पण पूर्ण जुळवू नयेत. १५-२० मिलिसेकंद शिल्लक ठेवले तर जागेचा मोठेपणा टिकतो. सगळं शून्यावर आणलं की मैदानाची खोली होते.

स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवत गिटार, वाजवणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे नळी पडद्याच्या (फ्रेटच्या) मागे धरणं. ती पडद्याच्या पट्टीच्या बरोब्बर वर हवी, नाहीतर सूर उतरतो. तारा फार खाली असतील तर नळी पडद्यांवर आपटून खडखडते. म्हणून तारांची उंची थोडी वाढवायची, .०११ चा संच (सर्वांत बारीक तार .०११ इंचाची) लावायचा आणि नळीमागे एक बोट हलकेच तारांवर ठेवायचं, म्हणजे नको ती गुणगुण दबते.

राहिली टेप. २४ ट्रॅकच्या यंत्रावर २५०० फुटांचं रीळ सेकंदाला ३० इंच वेगाने १६ मिनिटं ४० सेकंद पुरतं. फॉक्स थिएटरातलं ‘फ्री बर्ड’ चौदाएक मिनिटांचं, आणि ते नेहमी शेवटी. आधीच्या गाण्याचं अर्धं रीळ उरलंय म्हणून त्यावरच पुढे चालू ठेवलं, तर टेप ऐन सोलोत संपणार. दोन यंत्रं असतील तर पहिलं चालू असतानाच दुसरं सुरू करायचं; एकच असेल तर आधीच्या टाळ्यांवर पाणी सोडायचं आणि रीळ तिथेच बदलायचं.