आमची वाटचाल: खड्ड्यापासून तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

आमची फर्म उभी राहिली वृक्षलागवडीच्या खड्ड्यांच्या कामावर. इतके खड्डे, इतकी रोपं, एमबीवर (मोजमाप पुस्तकात) नोंद, बिल. 2016 ते 2019 या चार वर्षांत राज्याचं वृक्षलागवडीचं उद्दिष्ट 2 कोटींवरून 33 कोटींवर गेलं, त्यामुळे लातूर, बीड, धाराशिवकडे कामाला तोटा नव्हता. तोटा पाण्याचा होता. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरकरांना पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. अशा वर्षी रोपांसाठी टँकर मागायचा कोणत्या तोंडानं? आता आम्ही दर लावतो तो तिसरा उन्हाळा काढलेल्या झाडामागे. खड्डा त्यातच आला.

खड्ड्यावर मात्र बोलावंच लागतं, कारण निम्मी मर तिथेच ठरते. मुरमाड माळावर 45 सेंमी लांब-रुंद-खोल पुरतो, फक्त तळाचा मुरूम पहारीनं फोडून घ्यायचा. काळ्या रानात 60 सेंमी लागतो, आणि तो एप्रिल-मेमध्येच काढून तापू द्यायचा. पाऊस पडल्यावर ओल्या काळीत ऑगर मशिननं (माती पोखरणाऱ्या यंत्रानं) खड्डा पाडला की त्याच्या भिंती मडक्यासारख्या गुळगुळीत होतात. मूळ त्या भिंतीला अडतं आणि आतल्या आतच गोल फिरत राहतं. झाड दोन वर्षं हिरवं दिसतं, तिसऱ्या वर्षी वादळात आडवं होतं. म्हणून भिंती टिकावानं खरवडायच्या. भरताना दोन भाग वरची माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत. वाळवीसाठी त्यात निंबोळी पेंड. काळीत रोपाचा बुंधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवायचा, नाहीतर श्रावणात पाणी साचून मुळं कुजतात.

पिशवी पूर्ण काढायची. ही गोष्ट लिहावी लागते याचं वाईट वाटतं, पण मेलेलं रोप उपटलं की पिशवीसकट वर येतं, हे आजही दिसतं. रोप वर्षाहून जास्त पिशवीत राहिलं असेल तर तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं असतं. ते धारदार चाकूनं कापून टाकायचं. लागवड 75-100 मिमी पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच. तारीख कार्यक्रमपत्रिकेवर छापलेली असते, पण पाऊस ती वाचून येत नाही.

खरा खर्च दिवाळीनंतर सुरू होतो. 5,000 लिटरचा टँकर रोपाला 20 लिटर धरला तर कागदावर 250 रोपं भिजवतो. प्रत्यक्षात सांडलवंड धरून दोनशेच्या आसपास. त्यात काळीला मार्चमध्ये भेगा पडतात. बारीक मुळं तुटतात ती वेगळीच, वर ओतलेलं पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं आणि रोप कोरडंच राहतं. म्हणून आधी खुरप्यानं भेगा बुजवायच्या, आळं करायचं, त्यावर सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरायचं (बुंध्याला न टेकवता, टेकलं की वाळवी चढते), आणि मगच पाणी. फेब्रुवारी ते मृग दर आठ-दहा दिवसांनी. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) पहिल्या दोन पावसाळ्यांतच भरायच्या. त्यानंतर लावलेलं रोप मागेच राहतं.

रस्त्याकडेच्या झाडांचा मोठा वैरी शेळी नव्हे, धुरा (शेताचा बांध) जाळणं. वाळलेलं गवत दहा मिनिटांत जळून जातं, पण बुंध्याची साल चहूबाजूंनी भाजली की पानांत तयार झालेलं अन्न मुळापर्यंत पोचत नाही. झाड लगेच वाळत नाही, त्यामुळे दोष आगीकडे जातच नाही. फेब्रुवारीत बुंध्याभोवती मीटरभर गवत काढणं हे कलम आम्ही अंदाजपत्रकात घालतो. कार्यालयातून ते हमखास खोडून येतं. आम्ही पुन्हा घालतो.

शहरातली मोठी झाडं हा आमच्या कामाचा दुसरा भाग. तारांखालची फांदी वरून एका घावात तोडली की पडताना खोडाची साल सोलत खाली नेते. त्यापेक्षा खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, त्याच्या थोडं बाहेर वरून दुसरा, फांदी पडली की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याला धक्का न लावता कापायचा. तो कडा शाबूत राहिला तर जखम झाड स्वतःच भरतं. झाड काढण्याची परवानगी 1975 च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याखाली लागते. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांपुढचं झाड हेरिटेज ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावणं आलं. तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा येते ती वयाची: ‘हे पन्नासच्या आत बसेल ना?’ आम्ही 1.37 मीटर उंचीवर घेर मोजतो, त्यावरून वयाचा अंदाज काढतो आणि जे निघेल ते लिहून देतो.